नऊ नंबरच्या नावावरचे दोन गुण

सरांना नमस्कार केला की ते आशीर्वाद देत नाहीत, उंची सांगतात.

“पाच साडेपाच,” मला बघून ते म्हणतात. “दिवाळीत आलास तेव्हा अर्धा इंच जास्त होतास. वाकून चालायला लागलास.”

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात शिंप्याची टेप असते, पण ती फक्त भांडण मिटवण्यापुरती. नजरेनं सांगितलेला आकडा कुणी मान्य केला नाही तरच ती बाहेर निघते. मी कधीच मान्य करत नाही, त्यामुळे माझ्यासाठी दर वेळी निघते. सर आजवर चुकलेले नाहीत. राजूरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला बोहल्यावर चढायच्या आधी दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं आणि मोठ्यानं म्हणाले, “पाच दहा सांगितलं होतं ना? पाच आठ आहे.” नवरीचा बाप शेजारीच अक्षता घेऊन उभा होता. लग्न लागलं, पण त्या घरातून सरांना पुढं कसलंच बोलावणं आलं नाही. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. “मी खोटं सांगितलं का?” एवढंच म्हणाले.

मी पन्नाशी ओलांडली आहे. नगरच्या एमआयडीसीत माझी रद्दीची दोन गोडाऊनं आहेत. गळ्यात पोतं अडकवून बाटल्या गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि इथवर आलो, ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. भाव करताना माझा आवाज दोन गाळे पलीकडं जातो, असं शेजारचे सांगतात. पण राजूरला सरांच्या खोलीत गेलो की मी चपला बाहेर काढतो, मोरीत हात धुतो, दोन्ही पंजे उलटेसुलटे करून दाखवतो आणि सर विचारतात त्या प्रश्नाची वाट बघत उभा राहतो.

“चहा की कार्ड?”

दोन्ही मिळत नाही. ज्या टेबलावर कार्डं, तिथं कप नाही. चहा हवा असेल तर जिन्यात बसून प्यायचा आणि घरी जायचं. पस्तीस वर्षांत त्या खोलीत मी चहा घेतलेला नाही.

सर राहतात पिठाच्या गिरणीच्या वर. का राहतात, ते मला कधी कळलं नाही, कारण पीठ हा त्यांच्या कार्डांचा पहिला शत्रू. खाली गिरणी चालू असली की जमिनीच्या फटींतून बारीक पांढरी धूळ वर येते, म्हणून गिरणी चालू असताना पेटी उघडत नाहीत. एवढ्या लांबून गेलेला माणूस खाटेवर बसून खालचा घरघराट ऐकत राहतो. वीज गेली की गाव वैतागतं, बाया दळणाचे डबे तिथंच टाकून घरी जातात आणि वर सर टाळी वाजवून उठतात. “गेली! चला, हात धुवा.”

पेटी होमिओपॅथीच्या औषधांची आहे, लाकडी, आत खण. खणाखणात कडुलिंबाचा पाला आणि लवंगा. आणि त्यात कार्डं. तळहातापेक्षा लहान, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेली. पुढच्या बाजूला फोटो, मागं सरांच्या टाकाच्या अक्षरात सगळा माणूस: उंची, वजन, गाव, कुठल्या सामन्यात किती गुण, किती फाऊल, आणि शेवटी एक वाक्य. राजूरच्या शाळेकडून बास्केटबॉलचा एक जरी सामना खेळलेली सगळी मुलं आणि सगळ्या मुली त्या पेटीत आहेत.

मी मात्र पस्तीस वर्षं त्यात नव्हतो. मी खेळलो, बास्केट केली, आणि तरी नव्हतो. माझे दोन गुण दुसऱ्याच्या कार्डावर होते. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा माणूस प्रेमानं लिहितोय की रागानं, असा प्रश्न कुणाला पडायला नको. दोन्हीनं लिहितोय.

सर मूळचे नगरचे. तिथल्या कॅम्पातल्या मैदानांवर हा खेळ शिकले. कॉलेजात असताना कापडबाजाराच्या मागं एका रद्दीवाल्याकडं त्यांना बुटाचं एक खोकं मिळालं. कुणीतरी परदेशी डॉक्टर कुटुंब गाव सोडून जाताना सामान विकून गेलं होतं, त्यातलं. खोक्यात एकतीस कार्डं होती, अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंची. सरांनी ती पाठ केली. खेळाडूंची नावं मात्र ते घेत नाहीत. नावं उच्चारताना चुकतात म्हणून नाही, तर त्यांच्या मते नाव आईबाप देतात, उंची माणसाची स्वतःची असते. त्यामुळे “सहा सात”, “सहा अकरा”, “सात एक” अशीच त्यांची ओळख. पेटीसुद्धा उंचीनं लावलेली. तुम्हाला कुणाचं कार्ड बघायचं असेल तर नाव सांगून उपयोग नाही. मी एकदा विचारलं होतं, “आणि त्या माणसाची उंची माहीत नसली तर?”

“मग तू त्याला ओळखत नाहीस,” सर म्हणाले.

त्या एकतीसांत त्यांचा सगळ्यात लाडका होता सहा सात. नवखा पोरगा, पहिल्याच वर्षीचं कार्ड, मागं आकड्यांची एकच ओळ आणि खाली लिहिलेलं की हा लहानपणी वडिलांच्या बेकरीत पहाटे पाव भाजायला उठायचा. सर आम्हाला वर्गात पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे जितक्या खात्रीनं सांगायचे, तितक्याच खात्रीनं सांगायचे की सहा सातचा मनगटाचा झटका पाव उलटण्यातून आलेला आहे. “पेपरात जिंकणाऱ्याचं नाव येतं,” ते म्हणायचे. “हरणारा पावाची भट्टी पेटवत होता हे कोण लिहून ठेवतं? ह्या पुठ्ठ्यानं ठेवलं.”

नोकरी लागून राजूरला आले तेव्हा शाळेचं मैदान डोंगराच्या उतारावर होतं. अजूनही आहे. सरांनी दोन्ही टोकांना सागाचे खांब रोवले, लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाला चढवतात त्या धावेच्या लोखंडाच्या रिंगा करून घेतल्या आणि आम्हाला बास्केटबॉल शिकवला. वरच्या बाजूची रिंग खालून मारताना आभाळात असल्यासारखी वाटायची. नेम चुकला की बॉल गडगडत थेट खालच्या भातखाचरात. बॉल काढायला गुडघाभर चिखलात उतरायचं, धुवायचा, पुसायचा, पुन्हा खेळ. त्यात डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं अशी पळायची की बॉल खाचरात पडायच्या आधी धरायची. सरांनी त्यांच्यातूनच संघ काढला. आणि प्रत्येकाचं कार्ड केलं, अगदी अमेरिकेतल्यासारखं.

त्या कार्डांवर सरांनी एक गोष्ट जास्तीची घातली, जी अमेरिकेतल्या कार्डांवर नव्हती. आकड्यांच्या खाली एक जागा मोकळी ठेवायची, तिथं लिहायचं “नंतर”. मग वर्षानुवर्षं ते चौकशी करत राहतात आणि भर घालत जातात. नंतर: नाशिकला नर्स. नंतर: पोलीस. नंतर: स्वतःचं किराणा दुकान, शेंडी गावच्या रस्त्याला. नंतर: दोन मुली, दोघी डाव्या हाताच्या. बाजाराच्या दिवशी सर पिशवी घेऊन निघतात, पण भाजी क्वचितच आणतात. माणसं गाठून “नंतर” विचारत फिरतात.

बाजाराच्याच दिवशी एक म्हातारी यायची. वरच्या वाडीवरून चालत, डोक्यावर हिरड्याचं गाठोडं. तिचा मुलगा आमच्या आधीच्या संघात होता, विहिरीचं काम करताना गेला. त्याचा फोटो म्हणून जगात एकच, सरांच्या कार्डावरचा. म्हातारी माल विकायच्या आधी वर यायची, काही न सांगता मोरीत हात धुवायची, पदराला पुसायची आणि कार्ड कडेनं धरून बघायची. सरांनी शिकवल्यासारखं, बोट फोटोला न लावता. मी एकदा तिथं होतो. सर म्हणाले, “आजी, घेऊन जा. तुमचंच आहे.”

“नगं बाबा,” ती म्हणाली. “आमच्यात आषाढात समदं भिजतं. हितं कोरडा हाय तो.” मग कार्ड परत देताना तिनं विचारलं, “मागं काय लिवलंय, ते वाच की पुन्यांदा.”

सरांनी वाचलं. उंची, वजन, सामने, गुण. आणि शेवटचं वाक्य: ‘स्वतः बास्केट करण्यापेक्षा दुसऱ्याने केलेली बघून जास्त ओरडतो.’ म्हातारी हसली. “व्हय. लई वराडायचा,” म्हणाली आणि गाठोडं उचलून खाली गेली.

असा माणूस. आणि ह्याच माणसानं मला वगळलं.

झालं होतं असं. आम्ही दहावीत असताना संघ जिल्हा स्पर्धेसाठी नगरला गेला. सिमेंटचं सपाट मैदान आम्ही पहिल्यांदा पाहिलं. चढावर खेळायची सवय असलेल्या आमच्या पोरांचे बॉल तिथं रिंगच्या दोन हात वरून जायला लागले. समोरच्या संघाचे पालक पोट धरून हसत होते. त्यात आम्ही मुलं बारा आणि नंबर टाकलेली बनियनं दहा. शाळेकडं तेवढेच पैसे होते. मी अकरावा की बारावा, म्हणजे बिनबनियनचा. सामना संपत आला तेव्हा आमच्या नऊ नंबरचा पाय मुरगळला. सरांनी त्याला पाण्याच्या टाकीमागं नेलं, त्याचं बनियन काढलं, माझ्या अंगात घातलं आणि म्हणाले, “जा.” हे नियमात बसत नाही, हे मला आत्ता माहीत आहे, तेव्हा नव्हतं. गुण लिहिणाऱ्याला वाटलं, नऊ नंबर पाय चोळून परत आला.

मी चार मिनिटं खेळलो आणि एक बास्केट केली. उजव्या कोपऱ्यातून, फळीला न लागता, सरळ आत. आमच्या बाकावर कुणी ओरडलंसुद्धा नाही. पोरं हरून मान खाली घालून बसली होती आणि सर नऊ नंबरच्या पायाला फडकं बांधत होते. आम्ही चोवीस गुणांनी हरलो. माझे दोन धरूनसुद्धा. आणि तेही धरले गेले नऊ नंबरच्या नावावर. त्यानंतर मला कधी बनियन मिळालं नाही. दहावी झाली आणि मी पोतं गळ्यात अडकवलं.

कार्डाचं मी पहिल्यांदा विचारलं ते निकालाच्या दिवशी. सर म्हणाले, “गुणांच्या शीटवर तुझं नाव नाही.”

“बनियन तर तुमीच घातलं मला!”

सरांनी पेटी बंद केली. नंतर मी दर वर्षी विचारत आलो, कधी गोडीनं, कधी आवाज चढवून. एकदा खाली गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली, वर काय मारामारी चाललीय बघायला. उत्तर एकच: शीटवर आहे ते कार्डावर.

दोन वर्षांपूर्वी मला वाटलं, आता सर माझ्या तावडीत सापडले. आमच्या धंद्यात असं असतं की इकडच्या पेपर मिला परदेशातून रद्दीच्या गासड्या मागवतात. त्यातला चकचकीत, मेण लावलेला कागद लगद्याला चालत नाही, तो बाजूला काढतात आणि मी उचलतो. तसल्याच एका ढिगात माझ्या बायांना दोन खोकी सापडली. एक बाई म्हणाली, “मालक, हे बघा, लांबलांब मानसांचे पत्ते.” मी बघितलं आणि कामगारांना म्हटलं, कुणी हात लावू नका. मग स्वतः जाऊन हात धुऊन आलो. बाया माझ्याकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी खोकी घेऊन राजूरला. गिरणी चालू होती. तासभर बसलो. वीज गेली तशी मी खोकी टेबलावर ठेवली, पण वर हात ठेवून. भाव ठरल्याशिवाय माल सोडायचा नाही, ही सवय.

“सर, सातआठशे तरी असतील. सगळी तुमची. माझं एक कार्ड करा.”

सरांनी माझं ऐकलंच नाही. माझा हात त्यांनी मनगटाला धरून असा बाजूला ठेवला, जसं कुणी पुस्तकावरची चष्म्याची डबी बाजूला करतं. मग एकेक कार्ड कडेनं उचलत राहिले. पुटपुटत होते, “सहा आठ. सहा नऊ. हा पाच अकरा, शाब्बास.” अर्धा तास गेला. मग ते थांबले. कार्ड खिडकीकडं धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“सहा सात,” ते म्हणाले.

तोच होता. बेकरीवाला. पण आता केस मागं गेलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मागच्या बाजूला आकड्यांची एक ओळ नव्हती, बारा होत्या. सरांनी मला खाली बसवलं आणि ओळ अन् ओळ वाचून दाखवली. दुसऱ्या वर्षी गुण वाढले. तिसऱ्या वर्षी आणखी. “बघ, बघ, चौथं वर्ष बघ!” सहाव्या वर्षी सामने शून्य. सर खुर्चीतून उठलेच. “गुडघा. गुडघा गेला त्याचा.” सातव्या वर्षी अकरा सामने. “परत आला रे!” मग हळूहळू आकडे उतरत गेले, दुसऱ्या संघात गेला, तिसऱ्या संघात गेला. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ. सरांनी चष्मा काढून पुसला, वाचली आणि लहान पोरासारखे ओरडले, “उन्हाळ्यात वडिलांची बेकरी चालवतो! बेकरी आहे अजून!”

मी म्हटलं, “सर, मोबाईलवर शोधलं असतं तर हे दोन मिनिटांत कळलं असतं.”

“शोधलं तर कळतं,” सर म्हणाले. “मला तो भेटायला हवा होता.”

आता लोखंड तापलंय असं बघून मी पुन्हा माझ्या कार्डाचा विषय काढला. तेव्हा सरांनी दोन्ही खोकी माझ्याकडं सरकवली. सहा सातसुद्धा वर ठेवला. चेहरा असा की कुणी ताटावरून उठवलंय.

“घेऊन जा. ह्याच्या बदल्यात लिहिलं तर ते कार्ड नाही, पावती होईल.”

मला राग आला. मी जे बोलायचं नाही ते बोललो. खोकी तिथंच टाकून जिना उतरलो. सरांनी वरून हाक मारली. मी थांबलो.

“सातबाऱ्यावर नाव कसं लागतं?” त्यांनी विचारलं. “ज्याच्या नावावरचं कमी होणार आहे, त्यानं येऊन सांगावं लागतं. नऊ नंबरला घेऊन ये. तो समोर बसून म्हणाला तर फेरफार करीन.”

एवढ्या वर्षांत हे एकदाही बोलले नव्हते. किंवा मी त्यांना बोलू दिलं नव्हतं.

नऊ नंबर एसटीत वाहक आहे, अकोले–राजूर–शेंडी बाजूच्या गाड्यांवर. मऊ माणूस. शाळेत बॉल हातातून काढून घेतला तरी “घे” म्हणायचा. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. अकोल्याच्या स्टँडवर त्याला गाठलं, तब्येत विचारली, पोरीचं शिक्षण विचारलं. तो म्हणाला, “कायतरी काम दिसतंय. बस गाडीत, सुटायची येळ झाली.” मी राजूरचं तिकीट काढलं आणि त्याच्या शेजारी बसलो.

“ते नगरचे दोन पॉइंट,” मी म्हटलं. “सरांसमोर सांग, माझे हायत म्हणून.”

“सांगतो की,” तो म्हणाला. मी खूश. मग त्यानं घंटी मारली, मागच्या बाईला तिकीट दिलं, परत आला आणि म्हणाला, “पन जोडीचा माल हाय तो. फाऊल बी न्यावं लागतील.”

“कसले फाऊल?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “माझ्या कार्डावर नगरच्या सामन्याला काय लिवलंय, वाचलंस का कधी? गुन चार, फाऊल पाच, बाहेर काढला. शेरा: पंचांशी हुज्जत. अरे, मी पंचाशी? मी पाय धरून टाकीमागं बसल्तो!”

खरं सांगतो, मी त्या कार्डावर माझ्या दोन गुणांपलीकडं कधी काही वाचलं नव्हतं.

“पोरीनं वाचलं,” तो म्हणाला. “आठवीत हुती, माझ्यासंगं सरांकडं आली तवा. म्हनली, आबा, तुमाला मैदानातून हाकललं व्हय? बायको अजून म्हनते, वरून गरीब दिसत्यात. मी सरांना काय बोललो न्हाई. म्हनलं, तूच येशील कवातरी न् म्हनशील, फाऊल माझे हायत. पस्तीस वर्सं झाली. तू आलास, तर पॉइंट मागाया.”

पण धंद्यातला माणूस आहे मी. “बरं,” म्हटलं. “एक फाऊल घेतो.”

“तीन हायत. माझे दोन हुते, पाच झाले. तीन तुझे.”

“दोन. तिसरा फाऊल नव्हताच. तो लांबड्या माझ्या अंगावर पडला.”

“तू त्याचं बनियन धरल्तंस.”

“कोन म्हनतं?”

“समदं नगर म्हनत हुतं!”

पुढच्या बाकावरची एक आजी कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन वळून बसली होती. “काय वाटनी चाललीय? जमिनीची का?”

“न्हाई आजी, फाऊलची,” नऊ नंबर म्हणाला. “ह्यानं केलेले माझ्या नावावर हायत.”

“मग घे की बाबा तुझं तू,” आजी मला म्हणाली. “कशाला दुसऱ्याच्या डोस्क्यावर ठिवतो?”

“आजी, तुमाला काय माहीत न्हाई, तुमी मधी बोलू नका!” मी म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो असेन, कारण ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि टोपलीतली कोंबडी फडफडली. सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली.

नऊ नंबर उभा राहिला आणि शांतपणे सगळ्यांना म्हणाला, “मंडळी, तुमीच सांगा. आमा दोघांत पंचाशी कोन भांडलं आसंल?”

पंचवीस-तीस माणसांनी माझ्याकडं बोट दाखवलं. एका शाळकरी मुलीनं दोन्ही हातांची दाखवली.

राजूर येईपर्यंत मी तिसरा फाऊल मान्य केला. हुज्जत मान्य करायला मात्र गाडी स्टँडवर उभी राहून सगळे उतरेपर्यंत वेळ लागला. खरं म्हणजे त्यानं शेवटी भाव केलाच नाही. नुसता बॅग खांद्याला लावून उभा राहिला आणि म्हणाला, “पोरीला एकदा कोरं कार्ड दाखवावं वाटतं रे.” असं बोलणाऱ्या माणसाशी भाव करता येत नाही. हे आधी माहीत असतं तर मी दुसरा धंदा केला असता.

त्याची पुढची फेरी दोन तासांनी होती. आम्ही दोघं सरांकडं गेलो. गिरणी चालू. तिघं खाटेवर ओळीनं बसलो. शेवटी मीच खाली जाऊन गिरणीवाल्याला म्हटलं, अर्धा तास बंद ठेव, काय नुकसान होईल ते बघून घेऊ. दळणाच्या बायांनी मला शिव्या दिल्या.

आम्ही हात धुतले. नऊ नंबरनं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मग त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, मग मला विचारलं, “तिसरा?”

“धरलं होतं बनियन,” मी म्हणालो.

“हुज्जत?”

“घातली.”

सरांनी नऊ नंबरचं जुनं कार्ड फाडलं नाही. त्यावर एक तिरकी रेघ ओढून ते पाठीमागच्या खणात ठेवलं आणि नवीन पुठ्ठा घेतला. नगर: गुण दोन, फाऊल दोन, पाय मुरगळला. शेरा कोरा. नऊ नंबरनं ते कडेनं धरलं आणि कोऱ्या जागेकडं इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, तिथं काही लिहिलंय.

मग माझं. फोटो नव्हता. शाळेच्या गटाच्या फोटोत मी अर्धा होतो, तो अर्धा सरांनी आधीच कापून ठेवलेला निघाला. नंबरची जागा आली तेव्हा सर थांबले, कारण नऊ तर दिलेला होता. विचार करून त्यांनी ‘९-अ’ लिहिलं, जमिनीच्या गट नंबराचा पोटहिस्सा लिहितात तसं. उंची लिहिली. मी पाच पावणेसहा म्हणालो. टेप निघाली. पाच साडेपाच. सामने एक. गुण दोन. फाऊल तीन. पंचांशी हुज्जत.

“सर,” मी म्हणालो, “ते बनियन तुमीच घातलं होतं. मग एवढे दिवस का?”

सर टाक शाईत बुडवत होते. “ते बनियन घातलं, तेव्हा मी त्या शीटवर खोटं लिहवून घेतलं. पेटीत तेवढी एकच ओळ खोटी होती आणि ती माझी. ती मीच माझ्या शब्दावर खोडली असती, तर उद्या कुणाच्या शब्दावर काय खोडलं असतं, सांगता येत नाही.” मग ते खाली वाकून शेवटचं वाक्य लिहायला लागले. ते मला दिसू नये म्हणून डाव्या हातानं आडोसा केला होता, परीक्षेत पोरं करतात तसा. लिहून झाल्यावर कार्ड माझ्याकडं फिरवलं. उचलायचं नाही म्हणाले, वाकून वाच.

मी वाकून वाचलं.

‘बास्केट झाल्यावर याने आधी आमच्या बाकाकडे पाहिले.’

मला पुन्हा वाचावं लागलं. “पण तुमी तर तवा ह्याच्या पायाला फडकं बांधत होता!”

“फडकं हातांनी बांधतात,” सर म्हणाले.

“म्हंजे बघितलंत? बघितलंत तुमी? मग पस्तीस वर्सं एका शब्दानं का बोलला न्हाईत?”

खाली दळणाच्या बाया गप्प झाल्या. नऊ नंबरनं माझा दंड धरला. सर मात्र कार्डावर दोन्ही तळव्यांचा आडोसा धरून हळूच फुंकर घालत होते.

“ओरडू नकोस,” ते म्हणाले. “शाई ओली आहे.”